ही पिल्लं नाहीत

४ मार्च

आज सर हसले. रागावले असते तर परवडलं असतं.

इथे लिहिते आहे, कारण घरी सांगितलं तर नवरा म्हणेल, ‘अगं, जाऊ दे.’ आणि मला जाऊ द्यायचं नाहीये.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर देवमाशाचा सांगाडा आहे. तो बघायला शाळांच्या सहली येतात, मुलं त्याच्या फासळ्यांखाली उभी राहून फोटो काढतात. तळघरातल्या खोलीत कोणी येत नाही. तिथे छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बरण्या, बरण्यांमध्ये स्पिरिटात बुडवलेले मासे, आणि मी. समुद्राच्या तळातून खरवडून आणलेला माल माझ्या टेबलावर येतो आणि कोणता मासा कोणत्या जातीचा ते मी ओळखते. लग्नाआधीपासून हेच करते आहे. हातात सुई आणि चिमटा कसा धरायचा हे मला सरांनीच शिकवलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. या किनाऱ्यावरच्या तळमाशांची पहिली यादी त्यांनी केली, आणि त्या यादीला अजून कोणी हात लावलेला नाही.

या खेपेला वाळूच्या पट्ट्यातून बोटभर लांबीचे काही मासे आले. चपटं तिकोनी डोकं, डोळे डोक्याच्या वर एकमेकांना चिकटून, अंगावर एक खवला नाही, आणि रंग असा की ओल्या वाळूवर ठेवला तर आपण ठेवला होता हेच विसरायला होईल. दोन्ही गालांवर एकेक काटा. बरणीवरच्या चिठ्ठीत सरांचं अक्षर: ‘करवती, पिल्लं.’ करवती मासा आम्हाला चांगला ओळखीचा. वीतभर वाढतो. त्याच्या गालावरच्या काट्याला करवतीसारखे दाते असतात, म्हणून सरांनीच तरुणपणी त्याला हे नाव दिलं. पण माझ्या बशीतल्या माशांच्या काट्यांना दाते नव्हतेच. सरळ काटा, टोकाला वर वळलेला एकच आकडा. एकाचा म्हणावं तर नाही, झाडून सगळ्यांचा तसाच.

बशी घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, ‘सर, ही वेगळी जात आहे.’

त्यांनी बशीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहून हसले. ‘बाळ, ही पिल्लं आहेत. मोठी झाली की दाते फुटतील. तुला नव्हते का दुधाचे दात?’

सत्तेचाळीस वर्षांची आहे मी. जवळचं वाचायला चष्मा लागतो. आणि मी बाळ!

७ मार्च

पिल्लू आज पुन्हा ओल्या केसांनी घरी आली. पिल्लू म्हणजे आमची लेक. एकोणीस पूर्ण झाली, पण उंची माझ्या खांद्याला येईना, आणि अक्कलही त्याच मापाने. कॉलेजातून आली म्हणते. डोळ्यांभोवती आणि नाकावरून गोल लाल वळ उठले होते. नक्की रडली आहे, आणि कळू नये म्हणून तोंडाबरोबर डोकंही धुऊन आली. कोणी तरी मुलगा असणार. दुसरं काय असतं या वयात?

नवऱ्याला म्हटलं, तर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, ‘तिला विचार ना.’

विचारलं. ‘काही नाही गं आई,’ एवढंच. मग कान दुखतोय म्हणाली. बाबांनी लगेच खिशातून थेंबांची बाटली काढली, जणू तयारच ठेवली होती. लाडावून ठेवलंय नुसतं. बाल्कनीत दोरीवर एक काळा, जाडजूड, रबरी रेनकोट वाळत होता, पायांसकट. पावसाचा पत्ता नाही. या मुलांच्या फॅशन मला कळत नाहीत.

१० मार्च

सरांनी एक्स-रे यंत्र द्यायला नकार दिला. ‘पिल्लांवर फिल्म वाया घालवू नकोस.’

ठीक आहे. मासे डब्यात घातले आणि सरळ नवऱ्याच्या दवाखान्यात गेले. तो दातांचा डॉक्टर आहे.

‘पेशंट कोण?’ त्याने विचारलं.

मी डबा उघडला. त्याने आत पाहिलं, नाक मुरडलं, हातमोजे घातले आणि चिमट्याने एक मासा उचलून दाताच्या छोट्या फिल्मवर ठेवला. बरोब्बर मावला. शेपटीचं टोक तेवढं बाहेर.

‘हलू नका म्हणावं,’ नवरा म्हणाला.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर गाल धरून बसलेले एक आजोबा ओरडले, ‘डॉक्टर, आमच्या आधी माशाचा नंबर?’

‘त्याचं अर्जंट आहे, आजोबा. त्याला कोणी मोठं समजत नाही.’

फिल्म धुऊन उजेडासमोर धरली. पिल्लांची हाडं अजून कच्ची असतात, एक्स-रेत ती धुरकट दिसतात, कडा नसलेली. ही हाडं कोरल्यासारखी होती. मणका न् मणका, परांचा काटा न् काटा. आणि गालावर तो आकडा, पांढराशुभ्र.

‘ठणठणीत आहे,’ नवरा म्हणाला. ‘अक्कलदाढ आली का, ते मात्र सांगता येणार नाही.’

त्याचा मला आज फार अभिमान वाटला. सांगितला नाही. डोक्यावर बसेल.

१२ मार्च

सरांनी फिल्म पाहिली, या वेळी नीट पाहिली. मग परत दिली. ‘काहींची हाडं लवकर पक्की होतात. याने काही सिद्ध होत नाही. अंडी दाखव. पोटात तयार अंडी असलेली मादी घेऊन ये, मग बोलू.’

बोलले ते खोटं नाही. जिच्या पोटात पिकलेली अंडी आहेत तिला कोणी पिल्लू म्हणू शकत नाही. पण संग्रहातले सगळे मासे थंडीत धरलेले. त्यांच्या पोटात अंडाशय म्हणजे दोऱ्याएवढी रेघ. करवती अंडी घालतो तो पाणी तापायला लागल्यावर. म्हणजे आता. म्हणजे माझ्या हातात थोडेच आठवडे.

‘संग्रहालयाची बोट मिळेल का?’ मी विचारलं.

‘बाळ,’ सर म्हणाले, आणि त्या एका शब्दातच नाही आलं.

१३ मार्च

खरंच पिल्लं असली तर?

मोठ्या करवतीची खरी पिल्लं आजपर्यंत कोणीच धरलेली नाहीत. शेजारी ठेवून बघायला काही नाही. सरांनी आयुष्य घातलंय यात. मी कोण? आणि असल्या चिमुरड्या, न खाल्ल्या जाणाऱ्या माशाचं नाव चुकलं तर जगाचं अडलंय काय?

माझं अडलंय. बस.

१९ मार्च

स्वतःच्या सुट्टीत एका मच्छीमार बोटीवर गेले. कप्तान चांगला माणूस, पण मी काय शोधते आहे ते ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला आयुष्यभर बघायची सवय आहे.

जाळं तळाशी टाकलं, ओढलं, वर घेतलं. कोळंबी, खेकडे, शिंपले, एक बूट. माझा मासा एक. तोही दगडांखाली चिरडून लगदा झालेला. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच, बूट सोडून.

‘मॅडम, हे जाळ्याचं काम नाही,’ कप्तान म्हणाला. ‘चाहूल लागली की ते वाळूत शिरत असणार. आणि जे शिरत नाही ते माझ्या जाळ्याच्या भोकातून निघून जातं. तुम्हाला कोणी तरी खाली उतरवावा लागेल. हाताने धरणारा.’

संग्रहालयाकडे एक पाणबुड्या आहे. त्याला पाठवायला सरांची सही लागते.

२० मार्च

आजचं नीट लिहायला हवं. डोकं अजून गरम आहे.

जेवताना मी कप्तानाचं बोलणं सांगत होते. सहज म्हटलं, ‘आता पाणबुड्या कुठून आणू?’ पिल्लू म्हणाली, ‘मी जाते ना.’

मी हसले. ती हसली नाही. नवऱ्याने घास तसाच हातात धरला.

‘मी गेलं वर्षभर डायव्हिंग शिकतेय, आई. परीक्षा झाली माझी. पहिल्या वर्गात पास झाले.’

मग सगळं एकेक करून बाहेर आलं. ओले केस म्हणजे समुद्र. डोळ्यांभोवतीचे वळ म्हणजे डायव्हिंगच्या मास्कचे. कान दुखतो तो पाण्याच्या दाबाने. आणि तो रेनकोट रेनकोट नव्हता, डायव्हिंगचा पोशाख होता. मी माशाच्या गालावरचा केसाएवढा आकडा बघते, आणि माझ्या घरातल्या दोरीवर काय वाळतंय ते मला दिसलं नाही.

‘तुला माहीत होतं?’ मी नवऱ्याला विचारलं.

‘आपल्या घरात पाणबुडी आहे हे मला फक्त कानांमुळे कळलं,’ तो म्हणाला. विनोद करायची ही वेळ होती?

त्यातच पुढचं आलं. कॉलेज सोडायचं म्हणतेय. बंदरांच्या कामांवर पाणबुडे लागतात, पाण्याखाली जोडकाम, तपासणी, साफसफाई. ते काम करायचंय तिला. बुटकी, काडीसारखी पोर. तिला काय कळतंय?

‘तू लहान आहेस,’ मी म्हटलं.

‘आई, मी एकोणीस वर्षांची आहे.’

‘तेच म्हणतेय मी. अजून तुझं काही धड ठरलेलं नाही. मोठी झालीस की तुलाच कळेल, तेव्हा म्हणशील आईचं ऐकलं ते बरं झालं. तुझ्या भल्यासाठीच सांगतेय.’

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, ‘तू दिवसभर काय काम करतेस, हे तुझ्या लक्षात येतं का गं?’

मी म्हटलं माझ्या कामाचा इथे काय संबंध? ती उठून गेली. ताट तसंच.

कसला संबंध? मला अजून लागत नाही.

२४ मार्च

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. नवरा दोघींशी बोलतो, त्यामुळे दोघीही त्याच्यावर चिडून आहोत.

पाणी रोज तापतंय.

२७ मार्च

मी काही हट्ट सोडणाऱ्यातली नाही. डायव्हिंगच्या शाळेत गेले, दुसरा कोणी मिळतो का बघायला. बंदराच्या कडेला पत्र्याची शेड, भिंतीला टेकवलेली हवेची नळकांडी, ओल्या रबराचा वास. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, पिंपासारख्या भक्कम, आवाज भोंग्यासारखा. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात.

मी मासा दाखवला, वाळूत शिरतो ते सांगितलं.

‘मग तुम्हाला शांत माणूस लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडे धटिंगण आहेत पुष्कळ. ते खाली गेले की पाय आपटतात, वाळू ढवळते, मग स्वतःचा हात दिसत नाही त्यांना, मासा काय दिसणार! तळापासून हातभर वर तरंगत राहायचं आणि वाळूचा कण हलू द्यायचा नाही, हे जमणारी एकच आहे. अंगाने लहान, हवा कमी लागते, डोकं थंड. पण ती तर तुमच्याच घरात राहते.’

‘दुसरं कोणी?’

‘दुसरं कोणी हवं असेल तर दुसरा मासा शोधा,’ मास्तरीणबाई म्हणाल्या आणि नळकांडी धुवायला लागल्या.

परत येताना ठरवलं. फक्त माशासाठी. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. कॉलेज आणि बंदर यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

३० मार्च

कप्तानाची बोट, मास्तरीणबाई, ती आणि मी. मी स्वेटर घेतला होता, सुका टॉवेल, कानाचे थेंब, गरम पाण्याची बाटली, सफरचंद. ‘आई, मी पाण्यात जातेय, हिमालयात नाही,’ ती म्हणाली. दहा दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य; येशील का, हेही तिच्या बाबांनीच विचारलं होतं.

मी तिला मासा पुन्हा समजावला. डोळे कुठे असतात, आकार केवढा. ‘पोट बघ,’ म्हटलं. ‘फुगलेलं, पिवळसर.’ ती ऐकत होती तेव्हा तिचा चेहरा असा काही झाला होता की मी मध्येच थांबले. कामाला लागलेल्या माणसाचा चेहरा. हा मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

मग ती पाठीवर पडली तशी उलटी पाण्यात गेली आणि पाणी मिटलं.

बुडबुडे. माणूस खाली जिवंत आहे याचा वरून दिसणारा पुरावा तेवढाच. मी कठडा धरून बुडबुडे बघत होते. ते कधी इकडे यायचे, कधी तिकडे, एकदा आलेच नाहीत. मी ओरडले.

‘ती वळणावरच्या दगडाआड गेलीय,’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘बसा.’

‘फार वेळ झाला.’

‘बाई, तिची हवा ती मोजतेय. तुम्ही तुमचे मासे मोजा.’

मी बसले नाही. बुडबुडे पुन्हा दिसले तेव्हा कुठे कठडा सोडला.

पहिल्या खेपेला ती रिकामी आली. दुसऱ्या खेपेला वर आली तेव्हा हातात झाकणाची बरणी होती, आणि तिने ती आधी वर दिली, मग स्वतः चढली. आत चार मासे. जिवंत. मी आयुष्यात हा मासा हजारदा पाहिला असेल, जिवंत कधी नाही. स्पिरिटात ते चिखलाच्या रंगाचे असतात. जिवंत असताना त्यांच्या गालांवर निळे ठिपके असतात! निळे, आणि ते हलतात, म्हणजे उजेड हलतो. सरांच्या यादीत निळ्याचं नावही नाही.

एकीचं पोट फुगलेलं होतं. पिवळसर.

‘हीच का?’ तिने विचारलं. दात वाजत होते तिचे.

मी तिला स्वेटर घातला. तिने घालू दिला.

३१ मार्च

अंडी. तयार, गोल, पारदर्शक, सुईने टोचताच एकेक सुटी होणारी. पिकलेली. पूर्ण पिकलेली.

बोटभर मासा, आणि पोटात पुढची पिढी.

मी खोलीत एकटीच मोठ्याने बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

२ एप्रिल

सर भिंगातून फार वेळ बघत राहिले. त्यांची पाठ मला दिसत होती. ती आता वाकली आहे, हे आजच लक्षात आलं. बशी त्यांनी डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे, उजव्याकडून पुन्हा डाव्याकडे नेली. मग म्हणाले, ‘हं.’

मी एक्स-रेची फिल्म शेजारी ठेवली.

‘छान आहे. आपण लिहू.’

‘आपण?’

‘मी आणि तू. माझं नाव आधी असलं की मासिकवाले प्रश्न विचारत नाहीत. यादी माझी आहे, दुरुस्तीही माझ्याच हातची झालेली बरी.’

‘सर, तुम्ही त्यांना पिल्लं म्हणाला होता.’

‘संशोधनात मत बदलतं.’

‘बदलू द्या ना. तुमचं बदललेलं मत तुमच्या लेखात लिहा. हा लेख माझा आहे.’

त्यांचा आवाज चढला नाही. कधीच चढत नाही. ‘बाळ, तुझं एकटीचं नाव कोणाला माहीत आहे? मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.’

‘माझं भलं मला ठरवू द्या,’ मी म्हटलं. आणि बशी उचलली. त्यांच्या टेबलावरून, त्यांच्या देखत.

५ एप्रिल

माशांच्या खोलीची किल्ली काढून घेतली. ‘कामाची फेरवाटणी’ असं कारण. उद्यापासून मी वर, देवमाशाखाली, सहलीच्या मुलांना रांगेत उभं करायचं.

घ्या किल्ली. बरण्या तुमच्या. खालून हाताने धरून आणलेले मासे तुमचे नाहीत.

जेवणाच्या टेबलावर भिंग मांडलंय. नवरा दवाखान्यात जेवतो, तक्रार करत नाही. रंगाचं काम केलं: मांस विरघळून काचेसारखं होतं आणि हाडं लाल उठतात. माशाच्या आत लाल कोरीवकाम. तो बघायला आला आणि बराच वेळ काही विनोद केला नाही.

२२ एप्रिल

लेख तपासणाऱ्याने विचारलं तर? की एक मादी अपवादाने लवकर पिकली असेल? नर कुठे आहे? आज लेक म्हणाली, ‘मी पुन्हा जाते. दिवस कलताना. तेव्हा ते वाळूतून बाहेर येतात, मी गेल्या खेपेला शेवटी पाहिलं होतं.’

‘मग तेव्हा का नाही सांगितलंस?’

‘तू विचारलं नाहीस.’

गेलो. ऊन उतरलं होतं. ती बराच वेळ खाली राहिली, आणि मी या वेळी, प्रामाणिकपणे लिहिते, बसले. वर आली ती तोंडातली नळी काढायच्या आधीच बोलायला लागली. नीट ऐकू येईना. मग कठड्याला धरून, पाण्यातूनच सांगितलं:

‘नराने पाठीवरचा पर उभा केला, आई. झेंड्यासारखा. त्याच्या अंगापेक्षा उंच. मादीभोवती फिरला. मग दोघं एकमेकांना गाल लावून वाळूवरून सुटले आणि सरळ वर, हळूहळू वर, माझ्या डोळ्यांसमोरून वर गेले. मी श्वाससुद्धा... म्हणजे श्वास घेत होते. पण हलले नाही. माझ्या डोक्याच्या वर गेले आणि मग एकदम सुटून खाली.’

‘अंडी सोडली,’ मी म्हटलं. ‘कोणी पाहिलेलं नाही हे. या माशाचं कोणीच पाहिलेलं नाही.’

‘मी पाहिलं,’ ती म्हणाली.

लेखात लिहिलं: ‘प्रत्यक्ष निरीक्षण,’ आणि पुढे तिचं पूर्ण नाव. उपकार म्हणून नाही. तिनेच पाहिलं म्हणून.

२५ ऑगस्ट

लेख स्वीकारला! तपासनिसांपैकी एकाने दोन स्वल्पविराम हलवले आणि शेवटी लिहिलं, ‘इतके दिवस हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?’

जातीला नाव काय द्यायचं यावर घरात भांडण झालं होतं. मला लेकीचं नाव द्यायचं होतं. ‘नको,’ म्हणाली. ‘माशाला माशाचं नाव दे. तुझ्या मुलीच्या नावाने ओळखलं जायला त्याने काय पाप केलंय?’ म्हणून सरळकाटी.

८ सप्टेंबर

सरांचा फोन. मी उभी राहिले, सवयीने.

‘लेख वाचला,’ म्हणाले. ‘निळ्या ठिपक्यांचं फार छान लिहिलंत. मी ते कधी पाहिले नाहीत. आमच्या वेळी सगळे मेलेलेच यायचे.’ मग थांबून, ‘बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी स्वतः बदलल्या. अक्षर थोडं हललंय. तुम्ही खाली आलात की बघा. किल्ली कार्यालयात ठेवली आहे.’

‘तुम्ही’ म्हणाले. बाळ नाही. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते मिळालं, आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिले. सोमवारी तळघरात जाणार आहे. क्षमा वगैरे मी मागणार नाही. चहाचं बघू.

१९ सप्टेंबर

तिला काम मिळालं. दूरच्या बंदरावर, पाण्याखालच्या खांबांची तपासणी. सांगितलं, विचारलं नाही.

मी म्हटलं, एक वर्ष थांब. ती म्हणाली, ‘नाही.’ मी म्हटलं, निदान कॉलेज. ती म्हणाली, ‘आई, नाही.’ मी बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही, आणि शेवटी पुन्हा तेच, तितक्याच हळू. हा हट्ट कोणाकडून आलाय कळत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो छताकडे बघायला लागला.

२ ऑक्टोबर

पोचवायला गेलो होतो, दोघंही. मी ठरवलं होतं, रडायचं नाही, बोलायचंही नाही. बॅगेत लोकरीची टोपी घातली होती. तिने काढली. मी पुन्हा घातली.

धक्क्यावर कामाची बोट लागलेली. सात-आठ दणकट पुरुष सामान चढवत होते, आणि त्यांचा मुकादम हातात कागद घेऊन नावं बघत होता. हिचं नाव वाचलं, वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हसला. अगदी मनापासून, दुष्टपणाने नाही.

‘ही? अहो, ही तर शाळेतली पोर आहे. हिला खाली सोडायचं मी? बाई, घेऊन जा घरी. मोठी झाली की पाठवा.’

तिचा चेहरा लाल झाला. तोंड उघडायला लागली. पण त्याआधीच मी पुढे झाले होते. कशी झाले माहीत नाही.

‘लहान दिसते म्हणून लहान समजू नका,’ मी म्हटलं. सगळा धक्का ऐकत असावा, कारण सामान चढवणारे थांबले. ‘तिची वाढ पूर्ण झालेली आहे. ती एवढीच असते. तुमच्या या सगळ्यांपेक्षा कमी हवेत, वाळूचा कण न हलवता काम करते, मी स्वतः पाहिलंय. तुम्ही आधी नीट बघायला शिका, मग कोण पिल्लू आणि कोण नाही ते ठरवा!’

मुकादमाने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पेनाने तिच्या नावापुढे खूण केली. ‘चढा,’ म्हणाला.

ती चढली नाही लगेच. माझ्याकडे बघत उभी होती, डोळे मोठे करून. मग एकदम मिठी मारली, इतकी घट्ट की माझा चष्मा तिच्या कानाला अडकला, आणि बॅग उचलून गेली. वळून बघितलं नाही. बरोबरच आहे, पाय ठेवताना फळीकडे बघावं.

परतीच्या वाटेवर नवरा हसायला लागला. आधी हळू, मग गाडी बाजूला घ्यावी लागेल इतका. डोळे पुसत होता. मी विचारलं, झालं काय? सांगेना. पुन्हा विचारलं, तर म्हणाला, ‘काही नाही. एक्स-रे छान आला.’

यात हसण्यासारखं काय आहे? मी जे बोलले ते शब्द न् शब्द खरं होतं.